चाळीस पावलांवर समुद्र

मागच्या दिवाळीनंतर मेथी निवडता निवडता माझ्या आईने मला एक बातमी दिली. बातमी कसली, निकालच. येत्या चातुर्मासात ती दिशांची मर्यादा घेणार होती. म्हणजे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशी चारही बाजूंना स्वतःची हद्द आखून घ्यायची, साध्वींसमोर हात जोडून तसा नियम घ्यायचा आणि मग असेपर्यंत त्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या जैन घरांत वय झालेली माणसं असले नियम घेतात. कुणी गोड सोडतं, कुणी हिरवी भाजी. आईने गावं सोडायची ठरवली होती. तिची हद्द चारही बाजूंना मंठ्याची शीव. सूट एकच ठेवली होती, दवाखान्याची.

मी अंबडला राहते. जालन्याला गाडी बदलून मंठ्याहून तीन तास. लग्नाला बत्तीस वर्षं झाली आणि या बत्तीस वर्षांत आई वर्षातून दोनदा माझ्याकडे आली आहे, उन्हाळ्यात आठ दिवस आणि दिवाळीनंतर आठ दिवस. आमच्यातल्या जुन्या बायका लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. माझी आजी आईकडे आली तर तांब्या सोबत आणायची. आईनेही पहिल्या खेपेला आणला होता. माझ्या हातचा चहा बघून तिने तो तांब्या पिशवीतून काढलाच नाही, आणि त्यावर पुढे कधी चर्चाही झाली नाही.

आमचं मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. आई आली की काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसते, गिऱ्हाइकाची साडी दारातल्या उजेडात धरते आणि शंभर गठ्ठ्यांतून बरोबर एक कापड ओढते. मला तीस वर्षांत जमलं नाही ते तिला बसल्या बसल्या जमतं. नियम घेतल्यावर ते स्टूल रिकामं राहणार, एवढाच त्या बातमीचा मला कळलेला अर्थ.

मी तापट आहे. घरात म्हणतात, हिच्या नाकावरच राग असतो. त्या दिवशी मी मेथीची जुडी आपटून नको नको ते बोलले. धर्म तुम्हाला घरात कोंडायला सांगतो का, म्हणाले. भावाला फोन करून त्याच्यावर ओरडले, जसं काही त्यानेच तिला कोंडलं. आई सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "जितकं फिरणं, तितकी हिंसा. पाय थकले बाई आता. पुरे झालं."

पालथ्या घड्यावर पाणी. बोलून काही होणार नाही हे कळल्यावर मी दुसरी युक्ती काढली. आईचा आजवरचा प्रवास म्हणजे साधू-साध्वींचा चातुर्मास जिथे असेल तिथे दर्शनाला जाणं. जालना, नाशिक, फार तर पुणे. समुद्र तिने पाहिलाच नव्हता. मला वाटलं, हिला एकदा असं काही दाखवावं की दार लावून घ्यायची इच्छाच राहू नये. मोबाइलवर पांढऱ्या वाळूचे फोटो बघून मी अंदमानातलं एक लहान बेट निवडलं. गर्दी नको म्हणून मुद्दाम शांत. तिने पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "चल. नियम घ्यायच्या आधी एक डाव तुझ्या मनासारखं करू." मला वाटलं, अर्धी लढाई जिंकले.

माघात निघालो, आम्ही दोघीच. जालन्याहून रेल्वेने हैदराबाद, तिथून दोन विमानं, मग बोट. आईच्या एका पिशवीत खाखरे, भाजलेले मूग आणि गाळण्याचं कापड. दुसऱ्या लहान पिशवीत सामायिकाचं सामान, म्हणजे रोज अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून ती जे ध्यान करते त्याचं. बसायचा पांढरा तुकडा, तोंडाला बांधायची पट्टी, माळ आणि पूंजणी. पूंजणी म्हणजे लोकरीच्या मऊ धाग्यांचा वीतभर कुंचा. बसण्याआधी जागा त्याने हलकेच झाडायची, मुंगी-किडा असेल तर बाजूला करायचा, त्याला इजा होऊ द्यायची नाही. विमानतळावर तपासणाऱ्या मुलीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, मेकअपचा ब्रश का? आई हो म्हणाली. मला इतकं हसू आलं की माझा राग तासभर तरी कुठेतरी गेला होता.

बोटीत आईने डोळे मिटून नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली ती बंदराचा धक्का येईपर्यंत. समुद्र अंगाखाली होता, पण बघितला नाही. शिवाय त्या बेटावर सूर्य साडेपाचलाच मावळायला लागतो. आई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. त्यामुळे आमचं संध्याकाळचं जेवण चार वाजता. हॉटेलचा आचारी भला माणूस, पण तो रोज विचारायचा, हे दुपारचं की रात्रीचं? मी म्हणायचे, भाऊ, तू वाढ.

पहिल्या सकाळी किनाऱ्यावर गेलो. नारळ-सुपारीमधून जाणारी पायवाट संपली आणि समोर ते सगळं एकदम आलं. मी पांढऱ्या रंगाचा धंदा करते. दुधी, मोती, हस्तिदंती, चुन्याचा, निळीचा, असे पांढरे मला पाठ आहेत. ही वाळू त्यातल्या कशातच बसेना. मलमलीचं अस्तर सात-आठ धुण्यांनंतर जसं होतं, मऊ आणि जरासं पिवळट, त्याच्या जवळपास. पलीकडे पाणी. अगदी कडेला त्याला रंगच नव्हता, मग पोपटी, मग मोरपंखी. माणूस म्हणाल तर झाडाखाली शहाळी विकणारी एक बाई, बस्स. मी आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. झालं, मी मनात म्हटलं, जिंकले.

तिने चपला काढल्या, एक पाय उचलला आणि तसाच धरला.

"अगं, हे चालून राह्यलंय," ती म्हणाली.

वाळूवर बोटाच्या पेराएवढे शंख होते. ते चालत होते. प्रत्येकात एक खेकडा. एक दिसला की दहा दिसायला लागतात, तसं झालं. पायाखाली, पुढे, पार ओल्या रेघेपर्यंत, मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, सगळी वाळू हळूहळू हलत होती. त्यांच्या मधल्या जागेत इवलाल्या बिळांभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी, म्हणजे तिथेही कुणी राहत होतं. आईने पाय मागे घेतला, आडव्या पडलेल्या एका खोडावर बसली आणि दोन्ही पाय वर उचलून मांडी घातली.

माझ्या डोक्यात महिनाभर फक्त समुद्र होता. खेकडे नव्हते. मुंगी चिरडेल म्हणून खाली बघून चालणाऱ्या बाईला मी निवडून निवडून अशा ठिकाणी आणलं होतं जिथे पाय टेकवायला रिकामी जागा नव्हती. मी पण त्याच घरची. पण मी कांदा खाते, अंधार पडल्यावर जेवते, खाली बघायची सवय मोडून वर्षं झाली.

"बाई, चाळीस पावलं हायेत फक्त," मी म्हणाले. आईला मी लहानपणापासून बाईच म्हणते.

"हो ना. चाळीस गुणिले किती जीव?"

"सगळे चालतात की!"

"चालू दे. मी कुणाला अडवून राह्यले का?"

शहाळीवाली बाई हिंदीत म्हणाली, "अम्मा, इनको कुछ नहीं होता, शंख में घुस जाते हैं." आईने तिला नमस्कार केला आणि जागची हलली नाही. मी चिडून एकटी पाण्यात गेले, गुडघाभर उभी राहिले. मागे वळून बघितलं तर आई खोडावर, माळ हातात, पाय वर. एवढा समुद्र, आणि मला तो अजिबात आवडेना.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिला मात्र कंटाळा आला नव्हता. ती खोडावरून वाळू बघत होती. "तो बघ, त्याला मोठा शंख सापडला, जुना सोडून राह्यलाय," असं काहीतरी मध्येच सांगायची. शहाळीवालीशी तिची ओळख झाली. तिला किती मुलं, कुठली, सून कशी, सगळं आईला दोन दिवसांत ठाऊक. मी मोबाइल बघत, मनातल्या मनात धुमसत होते. संध्याकाळी मी म्हणाले, "तुला यायचंच नव्हतं तर आलीस कशाला?" ती म्हणाली, "तू बोलावलं म्हणून." यावर भांडता येईना, म्हणून मी जास्तच चिडले.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळी आईने निघताना सामायिकाची पिशवी सोबत घेतली. मला वाटलं, आज तिथेच बसून ध्यान करणार. खोडाजवळ आल्यावर तिने चपला काढून नीट जोडून ठेवल्या, पदर खोचला, पिशवीतून पूंजणी काढली आणि वाकली.

एक पाऊल मावेल एवढी जागा तिने झाडली. झाडणं म्हणजे आपण अंगण झाडतो तसं नाही. लोकरीच्या टोकांनी शंखाला नुसतं शिवायचं, तो आत शिरून घट्ट बसला की अलगद बाजूला सरकवायचा, मग दुसरा. जागा मोकळी झाली की पाऊल. मग परत वाकायचं. अठ्ठ्याहत्तरीची बाई, गुडघे दुखणारी, एका पावलाला दोन-दोन मिनिटं. बीळ दिसलं की वळसा. शहाळीवाली कोयता खाली ठेवून उभी राहिली.

"बाई, गुडघे जातील तुझे," मी म्हणाले.

"मागं ये. माझ्या पावलात पाऊल ठेव."

मी गेले. तिचा पाय माझ्या पायापेक्षा लहान, म्हणून मी टाचा उचलून, चवड्यांवर चालत होते. दहाएक पावलं झाल्यावर माझं डोकं शांत झालं. आठवत नाही इतक्या वर्षांत मी कुणाच्या मागे इतकं हळू चालले नव्हते. समोर तिची वाकलेली पाठ, ब्लाउजच्या खाली दिसणारा कण्याचा मणी न मणी. ही बाई हद्दीत राहायचं म्हणाली तर राहणार, मला कळून चुकलं. चाळीस पावलांसाठी जी एवढा वेळ वाकते, तिला मी समुद्र दाखवून फितवायला निघाले होते.

आणि मग जे मी दिवाळीपासून एकदाही बोलले नव्हते, ते बोलले. धर्मावर भांडले होते, तब्येतीवर भांडले होते, भावावर ओरडले होते. हे राहिलं होतं.

"बाई, मला एक बोलायचंय."

"बोल की. हात कामात हाय, कान रिकामेच हायेत."

"तू दवाखान्याची सूट ठेवली. माझी का न्हाई ठेवली?"

तिने मान वर केली नाही. पूंजणी चालू होती.

"मंठ्याला येशीलच की तू," ती म्हणाली.

"येईन. पण तिथं मी पाहुणी असते गं. घर वहिनीचं हाय, ती चांगली हाय, तरी मी पाहुणीच. आणि माझ्या घरी मी सासू हाय, दुकानवाली हाय, सगळे मलाच विचारतात काय करू. तू आलीस ना, की आठ दिवस मी माझ्या घरात कुणाची तरी पोर असते. तू स्टुलावर बसून म्हणतेस, हा हिरवा न्हाई, तो हिरवा. मला कुणी रागावत न्हाई आता तुझ्याशिवाय. ते बंद होणार म्हणून मी चिडून राह्यले. बाकी धर्माबिर्माचं मला काही म्हणायचं न्हाई."

बोलता बोलता मला रडू फुटलं. चौपन्न वर्षांची बाई, एका पायाच्या चवड्यावर, अंदमानात. पूंजणी थांबली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. ती थोडी सरळ झाली, कमरेवर हात ठेवला, श्वास घेतला.

"पाय जपून ठेव," ती म्हणाली. "डाव्या अंगाला एक बारकं बसलंय."

एवढंच. मी पाय जपून ठेवला.

ओली वाळू आली तसे शंख विरळ झाले. आई रेघेपाशी थांबली. ती पाण्यात जाणार नाही हे मला माहीत होतं. न गाळलेल्या पाण्याच्या थेंबाथेंबात जीव असतात, हे आम्ही पाळण्यात असताना ऐकलेलं. ती हात जोडून उभी राहिली. मी तिच्या मागे, तिच्या शेवटच्या पावलांत. मग एक लाट जरा लांब आली आणि दोघींचे पाय घोट्यापर्यंत भिजवून गेली. आई दचकली, माझा हात धरला आणि पुटपुटली, "मिच्छामि दुक्कडं." चुकून कुणाला दुखावलं असेल तर क्षमा, असं ते असतं. समुद्राची क्षमा मागणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

"कसा वास येतो गं," ती थोड्या वेळाने म्हणाली. "कैरीला मीठ लावून ठेवल्यासारखा."

"आवडला का?"

"लई आवडला. किती लांबवर हाय, काहीच आडवं न्हाई." मग तिने विचारलं, "पलीकडं काय हाय?"

"दुसरे देश."

"असू दे. मला तिकडं जायचं न्हाई."

दोघी हसलो. अजून दोन लाटा आल्या आणि तिने माझा हात काही सोडला नाही. परत येताना तिने पूंजणी माझ्या हातात दिली. "आता तू पुढं हो," म्हणाली. मी झाडत, वाकत, ती माझ्या मागे. माझी कंबर पंधराव्या पावलाला भरली. मागून सूचना चालूच होत्या: जोरात नको, अगं हळू, फरशी पुसून राह्यलीस का? मी चिडले नाही. उन्हं चढली होती, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि मी फार सुखात होते. खोडापाशी पोहोचल्यावर शहाळीवालीने आईच्या पायांना हात लावला. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या सुनेला आशीर्वाद सांगितला.

नियमाचा विषय तिने परतीच्या वाटेवर काढला नाही आणि मीही नाही. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. उन्हाळ्यात ती नेहमीप्रमाणे अंबडला आली, आठ दिवस स्टुलावर बसली. मी त्या आठ दिवसांत तिला वारंवार कापड काढायला लावत होते, गरज नसताना. शेवटच्या दिवशी मी तिला एसटीत बसवलं.

आषाढात चातुर्मास बसला. मंठ्याच्या स्थानकात, म्हणजे आमचे साधू-साध्वी उतरतात त्या प्रार्थनेच्या जागी, आई नियम घेणार होती. मी गेले. भांडायला नव्हते गेले, तिच्या मागे बसायला गेले होते. पांढऱ्या वस्त्रांतल्या महासतीजी, म्हणजे नियम देणाऱ्या साध्वी, पाटावर, समोर आई, पांढऱ्या तुकड्यावर, हात जोडून. भाऊ आणि वहिनी बाजूला. बायका दाटीवाटीने बसलेल्या.

महासतीजींनी एकेक दिशा विचारायला सुरुवात केली.

"पूर्वेला?"

"गावाची शीव," आई म्हणाली.

"उत्तरेला?"

"गावाची शीव."

"दक्षिणेला?"

"तिकडंबी शीवच."

"पश्चिमेला?"

"अंबड."

भावाने वळून माझ्याकडे बघितलं. बायकांमध्ये जरा कुजबुज झाली. महासतीजींनाही ते वेगळं वाटलं असावं. तीन बाजूंना एवढीशी हद्द आणि चौथी थेट दुसऱ्या तालुक्यापर्यंत. त्यांनी शांतपणे विचारलं, "अंबडला आता या वयात काय काम असतं, बाई?"

"काम काय न्हाई, महासतीजी," आई म्हणाली. "माझी लेक राहते तिथं."

महासतीजींनी डोळे मिटून नियमाचा पाठ म्हणायला सुरुवात केली. आईची पाठ ताठ होती, तिने मागे वळून बघितलं नाही. स्थानकात बोलता येत नाही, रडायचंही तोंडावर पदर धरून. मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज न करता रडले.